शांत रस्ता

सोलांज पेराशों नकाशा काढते
पावाच्या कागदी पिशवीच्या पाठीवर,
पेन्सिलीचं टोक जिभेला लावत.
एकतीस वर्षं टपाल वाटलं तिनं या डोंगरांत,
आधी सायकलवर, मग पिवळ्या गाडीतून.
आता फिरते गुडघे म्हणतील तेवढी.

"शांत रस्ता हवा ना? मग मोठा रस्ता सोड
लाकडाच्या वखारीपाशी. डावीकडं.
अंतर विचारू नकोस,
मी अंतर मोजलं नाही कधी, कुत्री मोजली.
पहिला भुंकेल, तो साखळीला आहे.
दुसरा भुंकणार नाही, त्याला जप.
मग चढ."

'मग चढ' असं म्हणाली,
जसं कुणी म्हणावं, मग जेवण.

मार्च संपत आलेला. बोजोलेच्या उतारांवर
द्राक्षाचे खुंट अजून काळे,
गुलाबी मुरमातून मुठी वर काढून
ओळीनं उभे.
लोखंडी पिंप उभं चिरून केलेल्या हातगाडीत
छाटलेल्या काड्या जळताहेत;
एक माणूस कातरतो, दोन पावलं सरकतो,
आपली आग आपल्याबरोबर ढकलत नेतो.
त्यानं हात वर केला.
मीही एक हात सोडला हँडलवरून
आणि भेलकांडलो.
या चढावर नमस्कारसुद्धा फुकट नाही.

सगळ्यात हलका गिअर. त्याच्या खाली काही नाही.
वळणावर वाटतं, आलीच खिंड,
तर रस्ता पाठ फिरवून आणखी वर जातो
उसने पैसे मागितल्यावर
ओळख विसरलेल्या माणसासारखा.
ऐकू येतं ते माझंच:
साखळी, श्वास, साखळी, श्वास,
आणि मध्येच खालच्या दरीतून
कुणाची तरी हातोडी, जरा उशिरानं पोचणारी.

"पाणी दफनभूमीत भर," तिनं बजावलं होतं.
"फाटकाच्या आत नळ, शेजारी हिरवी झारी.
तिथं कुणी हटकत नाही."
बाटली भरेपर्यंत नावं वाचली.
ग्रोबोस. लापाल्यु. पेराशों. पेराशों. ग्रोबोस.
तिच्या पिशवीतली सगळी नावं
आता एकाच पत्त्यावर.
पाणी इतकं गार की दात कळवळले.

वरच्या गावात झडपा लावलेल्या.
शाळेच्या भिंतीवर गोगलगाईचा लंगडीपट, रंग उडालेला,
आठचा आकडा तेवढा शाबूत.
पत्रपेट्यांच्या तोंडांवर चिकटपट्टी.
गावाबाहेर एक अख्खं शेत उपटून टाकलेलं,
मुळं वर करून ढीग घातलेला.
वाइन पूर्वीसारखी खपत नाही म्हणे.
मी थांबलो नाही. उतार लागला होता,
आणि उतार लागला की माणूस
फार विचारी राहत नाही;
डोळ्यांतून पाणी, कानांत वारा,
सात वळणं, एकही ब्रेक न दाबता,
नवव्या वर्षी असतो तसा मी खाली आलो.

"गाड्या किती लागल्या?" तिनं विचारलं.
"एक," मी म्हणालो, "तोही ट्रॅक्टर. सुंदर रस्ता!"
"एक," ती म्हणाली.
केक कापला. मला मोठा तुकडा.
"सकाळच्या फेरीत मला बाजूला उभं राहावं लागायचं.
पावाची व्हॅन. शाळेची बस.
मग लापाल्यु, रोज उशीर झालेला, रोज शर्ट खोचत.
शिव्या द्यायचे मी त्याला."
चमचा बशीत ठेवला.
"शांत. तुम्ही सायकलवाले
किती आवडीनं म्हणता हा शब्द."

मला उत्तर सुचलं नाही. केक खाल्ला.

तिनं पिशवी पुन्हा पुढं ओढली,
ओढ्यापलीकडं एक बारीक रेघ काढली,
पेन्सिल दोनदा गिरवून जाड केली.
"उद्या हा घे. हा शांत नाही.
शेळ्या घेऊन एक जोडपं राहायला आलंय,
तीन पोरं, आणि तिन्ही रस्त्यातच खेळतात.
निघण्याआधी
ब्रेक नीट बघून घे."