दोन बोटं कमी एक वीत

गाडी अजून गाडी नाही.
हेरल्डची चेसिस आहे, उमरीच्या बंद जिनिंगमागं
तीस वर्षं कडब्याखाली निजलेली.
तिला मी पत्र्याचं लाल नाक वेल्ड केलंय,
नाकालाच लाज वाटावी इतकं लांब.
वहीत शिल्लक सात हजार दोनशे,
आणि इर्शाद म्हणतो, कामं दोनच राहिली,
खालचं आणि मागचं.
म्हणजे सस्पेन्शन, आणि आरसे.

गॅरेजच्या भिंतीवर जुन्या कॅलेंडरचं पान,
कुठल्याशा थंड देशातली दोन सीटांची गाडी,
रस्त्याला पोट टेकून बसलेली मांजर जशी.
मला तेवढीच खाली हवी होती.
जमिनीपासून चार बोटं.
इर्शादनं ग्राइंडर उचलला, परत ठेवला.
"स्प्रिंग कापून देतो, पाच मिनिटाचं काम हाय.
मंग दारव्ह्याचा रस्ता बी कापून आण."

खरंय. आमच्याकडं डांबर काळ्या मातीवर झोपतं.
माती उन्हात भेगाळते, पाण्यात फुगते,
मधेच कूस बदलते,
वरचा रस्ता मग
वाऱ्यावर वाळत घातलेलं लुगडं.
शिवाय पंचायतीपुढचा तो गतिरोधक,
सरपंचाच्या मेव्हण्यानं सिमेंट उरलं म्हणून बांधलेला,
ज्यापुढं बोलेरोसुद्धा क्षणभर विचारात पडते.

म्हणून सरकीची दोन पोती आणली,
सीटांच्या जागी ठेवली,
एक माझं, एक वनमालेचं.
"माह्यं पोतं एवढं मोठं काऊन?"
दारातून आवाज आला. कोणी उत्तर दिलं नाही.
मागचा आडवा पाटा कण्हला,
चाकं फेंगडी झाली,
नुकतं उठायला शिकलेल्या वासराची.
इर्शादच्या मामाची मेटॅडोर होती कधीकाळी.
तिचा एक पाटा दिग्रसच्या लोहारानं तापवला,
वाकवला, जळक्या तेलात विझवला.
आम्ही तो ग्रीस लावून मधोमध कोंबला.
पोती पुन्हा चढवली.
इर्शाद पालथा झोपला, हात जमिनीला लावून म्हणाला,
दोन बोटं कमी एक वीत.

चित्रातली मांजर बसलेली आहे.
आमची उभी.
कुत्रं दिसल्यावर राहते तशी.

आता शिल्लक नऊशे साठ.
मला आरसे गोल हवे होते, चकचकीत, मडगार्डवर,
आणि जोडीनं.
अमरावतीच्या भंगारात एकच सापडला, लॅम्ब्रेटाचा,
बुडाशी गंजलेला, काच फुगीर.
जोडीदार कुठं गेला, विचारलं.
भंगारवाला हसला, जणू मी
कोणाच्या घरचं विचारलं.
दुसऱ्याची वाटी मी पत्र्याची ठोकली
आणि सलूनवाल्या भास्कर नक्षिणेनं
त्याच्या तडकलेल्या आरशातून
हातानं गोल काप काढून दिला, फुकट.
"ह्यात अख्ख्या गावानं थोबाड पायलं हाय.
आता रस्ता पाहू दे त्याले."

उजवा सपाट, डावा फुगीर.
उजव्यात मागचा ट्रक आहे तेवढा, अंगावर आलेला.
डाव्यात तोच ट्रक लहान, लांब,
तूरीचं शेत सोबत घेऊन, निवांत.
कुठला खरा, मी विचारलं.
"मान वळव," इर्शाद म्हणाला,
"मानेले पैसे लागत नाहीत."

काल दिवेलागणीला वनमाला पोत्याच्या जागी येऊन बसली.
वायरिंग बाकी, दार नाही, काच नाही.
गाडी इवलीशी खचली
आणि थांबली. पाटा काही बोलला नाही.
डावा आरसा अजून कसलेला नव्हता,
आतल्या बाजूला वळून गेला होता.
"ह्यात तर तूच दिसतोस," ती म्हणाली.
"रस्ता कुठी हाय?"
मी पाहिलं. मला तीच दिसत होती,
फुगीर काचेत जरा लांब,
कपाळावर सरकीचा तूस.

दहाचा पाना इर्शादच्या खिशात,
त्याच्यासोबत घरी गेलेला.
सकाळी कसू.