नववा प्रहर, नवी पेठ

शनिवारी आगटेकाकांच्या बाइंडिंगच्या दुकानाचं शटर
अर्ध्यावर येतं, तेव्हा आमची सभा सुरू होते.
खळीच्या वासात, कटिंग मशीनच्या कडेला
पाच स्टुलं, एक उलटी बादली,
आणि मी, इतिवृत्त लिहिणारी,
कारण माझं अक्षर बरं आहे म्हणे.

सव्वीस वर्षं चाललीय मालिका.
प्रहरी म्हातारा होत नाही, फक्त बदलतो:
किल्ल्यांचा जुडगा पुढच्याच्या हातात टाकतो
आणि धुक्यात निघून जातो.
पाच वेळा गेला. पाचही वेळा आम्ही
"आता संपलं हे" असा ठराव
एकमताने मंजूर केला,
आणि पुढच्या गुरुवारी साडेनऊला
दारं लावून बसलो.

आज विषय दोन.
एक: सहावी प्रहरी बाई आहे.
दोन: बाई आहे ते चालेल, पण
जाहिरातीत ती "पानी" म्हणते.

"पानी!" आगटेकाका म्हणाले,
जणू कुणी कोऱ्या पुस्तकाचं पान दुमडलं.
"चार आकाशगंगा ओलांडून आलेली,
तिला साधा ण येऊ नये?"
झुबेर म्हणाला, "काका, चार आकाशगंगांत
सदाशिव पेठ किती ठिकाणी आहे?"
लोखंडेबाईंनी कप खाली ठेवला.
"दुसऱ्या प्रहरीला र म्हणता येत नव्हता.
त्याला तुम्ही भारदस्त म्हणायचात."
"तो काळ वेगळा होता."
मालिका काळात मागेपुढे जाण्याचीच आहे,
हे कुणी बोललं नाही.

मग झुबेरने खिशातून कात्रण काढलं.
प्रमुख लेखकही नवा.
वैजनाथ ढगे, मूळ गाव गंगाखेड.

सगळे बादलीकडे बघायला लागले.

वैजू.
परीक्षांसाठी आलेला,
शास्त्री रोडच्या अभ्यासिकेत दिवसभर खुर्ची राखणारा,
पूर्वपरीक्षेत तीनदा दोन-दोन गुणांनी गेलेला.
जुन्या प्रश्नपत्रिकांच्या पाठकोऱ्या बाजूला लिहायचा:
चौथ्या प्रहरीची सावली उलटी का पडते,
याची अकरा कारणं.
आम्ही त्यातली तीन मान्य केली होती.
बादली त्याची.
स्टूल सभासदांना, वर्गणी भरल्यावर.

घरी येऊन जुनी वही काढली.
काकांनीच शिवलेली, कापडी कणा अजून शाबूत.
पान एकशे चौदा. माझं बरं अक्षर:
"श्री. ढगे यांनी 'पानी', 'कोन', 'म्हून' असे उच्चार केले.
सभेत हशा.
सूचना: सभासदांनी शुद्ध बोलावे.
अनुमोदन," आणि माझी सही.
एकशे पंधरावर
उपस्थितांत त्याचं नाव नाही.

गुरुवारी झुबेरने दुकानातच टीव्ही आणला.
सत्यभामा वाघमारे, हातात जुडगा,
आटलेल्या ग्रहावर उभी.
मागे ते दार, सव्वीस वर्षांत न उघडलेलं,
ज्याच्या कुलपावर आमच्या नऊ सभा गेल्या.
ती एकेक किल्ली लावून बघते. लागत नाही.
शेवटी दमते. कोपऱ्यात एक बादली असते,
ती उलटी करून बसते
आणि कुणालाच नाही असं म्हणते,
"पानी."
दार उघडतं.

दुकानात पंख्याचा तेवढा आवाज.
काकांनी माठातून ग्लास भरला,
तसाच हातात धरून राहिले.
मग लोखंडेबाई म्हणाल्या,
दुसऱ्या दृश्यात घड्याळात सात वाजले होते,
चौथ्यात पावणेसात.
"लिही," काका म्हणाले. "पत्र पाठवू."
त्यांच्या आवाजात जरा जीव आला होता.

मी लिहायला घेतलं.
श्री. वैजनाथ ढगे यांस, स. न. वि. वि.
पहिल्याच ओळीत "कळविण्यास" आलं
आणि त्या ण-पाशी पेन अडलं.
काका विचारत होते,
किती ओळी झाल्या?