द्वारा दाभाडे

गांजवे चौकातल्या अभ्यासिकेत
खुर्च्या एकशे चाळीस, पंखे नऊ,
आणि जगासाठी पत्ता एकच.

राउटर जिन्याखालच्या कपाटात.
चपलांच्या रॅकला गुडघे टेकून बसतो,
तक्ता उघडतो:
आतला पत्ता, बाहेरचा पत्ता, पोर्ट, उरलेले सेकंद.
कुणी औशाचं, कुणी किनवटचं,
बाहेर पडताना प्रत्येकाचं नाव उंबऱ्यावर काढून घेतात
आणि एक आकडा हातात देतात,
देवळाबाहेर चपला ठेवल्यावर मिळतो तसा बिल्ला.
उत्तर येतं ते आकड्यावर.
आकडा बघून हा डबा त्याला खुर्चीपर्यंत सोडतो.

गावाहून पार्सल येतं तेव्हाही हेच.
वर मुलाचं नाव, बारीक.
खाली ठळक: द्वारा दाभाडे.

आज अकरा सत्तेचाळीस.
अर्जाची मुदत अकरा एकोणसाठ.
वरून धावती पावलं, "नेट गेलं, नेट गेलं."
गेलेलं नाही. तक्ता भरलाय.
चार हजार शहाण्णव ओळी, नवीला जागा नाही.
दाभाडे जिन्यात उभे, बनियनवर:
"सगळं पुसून टाका हो. बंद करून चालू करायचं.
माझा पुतण्या तेच करतो."

पुसता येईल. एका आदेशाचं काम.
पण एक ओळ आहे,
पैसे भरायच्या सर्व्हरकडे गेलेली,
आतून दहा-शून्य-चार-सत्तेचाळीस.
कुलूपबंद. आत काय ते मला दिसत नाही,
दिसूही नये.
कळतं ते इतकंच, की कुणीतरी काही विचारलंय
आणि उत्तर अजून वाटेत आहे.
ओळ पुसली तर ते दारापर्यंत येईल
आणि इथे त्याला कुणी ओळखणार नाही.

म्हणून मोजत बसतो, कोणाच्या नावावर किती.
बारा. नऊ. एकतीस. सात.
दहा-शून्य-चार-दोन: तीन हजार सहाशे चार.
"काका, हे दोन नंबर कोण?"
काका चष्मा कपाळावर नेतात,
आधी पडद्याकडे बघतात, मग छताकडे.
तिसरा मजला, त्यांचंच घर,
टीव्हीमागे पुतण्याने परवा बसवलेला डबा,
फुकट पिक्चर देणारा,
रात्रंदिवस जगभर हाका मारत सुटलेला.

काही न बोलता ते वर जाऊन प्लग उपटतात.
मी तेवढ्याच ओळी पुसतो.
तक्ता पाचशेच्या आत.

अकरा चोपन्न.
नव्या ओळी भराभर उगवतायत.
सत्तेचाळीसची जुनीच. तिचे सेकंद
उतरतात, पुन्हा चढतात, म्हणजे बोलणं चालू आहे.
अकरा अठ्ठावन्नला ती मिटते,
रीतसर, दोन्हीकडून निरोप घेऊन.
क्षणभर रेंगाळते. मग नसते.

अर्ज गेला का, हे तक्ता सांगत नाही.

वर एक खुर्ची सरकते.
जिन्यातून कुणीतरी उतरतं,
रॅकमधली चप्पल काढायला माझ्या गुडघ्यांवरून वाकतं,
"सरका ना जरा" म्हणतं.

मी सरकतो.