रकाना डी-सतरा

आउलिसच्या धंद्याचे हिशेब मी लिहिते, एकोणीस वर्षं झाली.
पोह्यान्माची सपाट जमीन, खिडकीबाहेर तीन बर्च,
आणि टेबलावर त्यानंच आणून ठेवलेलं पीटचं ढेकूळ:
दलदलीतलं शेवाळ, धड माती नाही, धड कोळसा नाही.
कागदांवर वजन म्हणून बरं आहे. फक्त सांडतं.

दलदल वर्षाला एक मिलिमीटर वाढते.
आउलिसचं कर्ज अकरा वर्षांचं.
सरकार चार वर्षांचं, टिकलं तर.
मंत्रालयाच्या मसुद्यावर हरकतींसाठी सहा आठवडे.
हे सगळं मला एकाच तक्त्यात बसवायचं असतं.

त्या तक्त्यात एक रकाना आहे, डी-सतरा.
कार्बनचा भाव, टनामागे युरो.
पहिल्यांदा मी तिथे सात लिहिलं
तेव्हा आउलिस हसला. "दोन कप कॉफी," म्हणाला,
आणि त्याच उन्हाळ्यात नवं यंत्र घेतलं,
पिवळं, माझ्या घरापेक्षा उंच.
सेइनायोकीच्या बँकेतली बाई म्हणाली, आकडे बोलतात.
बोलत नाहीत हो. पढवलेलं म्हणून दाखवतात.

मग पंचवीस झालं. मग पन्नास. मग ऐंशी.
मी दर वेळी एवढा एकच रकाना बदलायची
आणि खालचे चाळीस
एकामागून एक लाल होत जायचे,
अंधार पडताना गावात दिवे लागत जावेत तसे.

वीजकेंद्राचं पत्र आलं. सभ्य पत्र.
"राष्ट्रीय उद्दिष्टांच्या अनुषंगाने",
म्हणजे पुढच्या हिवाळ्यापासून तुमचं पीट नको.
आता तिथे लाकडाचा भुसा जळेल, जहाजानं येणारा.
आउलिसनं विचारलं, "आणि जहाज कशावर चालतं?"
मी तक्ता वरपासून खालपर्यंत पाहिला.

पेंट्टी, त्याचा जुना चालक, पवनचक्क्यांच्या कंपनीत लागला.
अर्जात त्यानं उंचीच्या भीतीबद्दल लिहिलं नाही.

पण मी काही आउलिसची वकील नाही.
मी ज्या तळ्यात पोहायला शिकले
ते त्याच्या वडिलांच्या चरांतून आलेल्या पाण्यानं
कॉफीसारखं झालं. तळ दिसेना. मासे आधी गेले,
मग आम्ही मुलं.
माझ्याआधी हिशेब लिहिणाऱ्या माणसाच्या वह्या
माझ्याच कपाटात आहेत, सुबक अक्षर, एक खाडाखोड नाही.
त्यांत तळ्याला रकानाच नाही.
फुकट होतं, म्हणून शून्यसुद्धा लिहावं लागलं नाही.

यंत्र मोडीत काढायला सरकार पैसे देतं.
अट एकच: इंजिनाला भोक पाडा, फोटो पाठवा.
आउलिसनं ड्रिल स्वतः धरलं, दुसऱ्याला देईना.
मी फोटो चढवला. संकेतस्थळ म्हणालं, फाइल फार मोठी आहे.
लहान केला. म्हणालं, अस्पष्ट आहे.
तिसऱ्यांदा भोक घेतलं गेलं.
कर्जाची चार वर्षं अजून बाकी होती.

आता नवं कंत्राट आहे, दलदल पुन्हा भिजवण्याचं.
आजोबांनी सरकारी अनुदानावर खणलेले चर
नातू सरकारी अनुदानावर बुजवतो.
तेच फावडं नाही, पण गोठ्याच्या भिंतीला टेकवून
ते अजून उभं आहे.

पाच वर्षांचा आराखडा बँकेला हवाच आहे.
"पाचव्या वर्षी काय लिहू?" मी विचारते.
"तळ्यात," तो म्हणतो. थोडं थांबून, "मळ्यात."
निवडणूक वसंतात आहे. आम्ही दोघं हसतो,
पण रकाना रिकामा ठेवता येत नाही, खालचं सगळं अडतं.

म्हणून सध्या मी डी-सतरामध्ये
पाण्याची पातळी लिहिते.
तो दर सोमवारी काठी घेऊन जातो,
पृष्ठभागापासून पाणी किती खाली ते मोजतो,
आणि बुटांचा चिखल न काढता फोन करतो.
गेल्या सोमवारी अकरा सेंटिमीटर.
काल नऊ.
बेरजेत ते कुठेच बसत नाही. लिहून ठेवलंय.