हातचा

तळघरात माझं राज्य: चादरी, अभ्रे, टॉवेल
आणि रेघा मारलेली एक वही.
वर अकरा मजले. समुद्र त्यांच्या वाटणीचा.
माझ्या खिडकीतून बातुमीतल्या माणसांचे
फक्त बूट दिसतात.

गेल्या थंडीत नवे मॅनेजर आले, मालखाझ,
ओतारसाहेबांच्या जागी.
त्यांनी नोकरांच्या दाराशी एक यंत्र बसवलं.
तीन चेहरे त्याला. हिरवा हसरा, पिवळा गप्प, लाल रुसलेला.
‘आज कामात मन लागलं का?’
एवढंच विचारायचं ते.
उत्तराला एक बोट पुरायचं.

झ्वियाद, सामान उचलणारा पोरगा,
लिफ्ट येईपर्यंत हिरव्यावर ठेका धरायचा.
महिन्याअखेर मुख्य कचेरीतून केक आला:
ब्याण्णव टक्के समाधान.
आम्ही तो उभ्यानेच संपवला.
गोड होता. त्याला का नावं ठेवा?

नानुली चौथ्या मजल्यावर. खोलीला चोवीस मिनिटं.
चादर ताणलेली, नळ लखलखीत,
बोट ठेवायला जागा नाही.
पण पूर्वी तिला दरवर्षी येणाऱ्यांच्या उशा पाठ असायच्या,
कुणाला कडक, कुणाला दोन, कुणाला नकोच.
आता नाही ठेवत ती लक्षात.
म्हणाली, ‘त्याला रकाना नाही, एतेरी.’

मी बेरजा करून जगते.
आठ नि सात पंधरा, पाच खाली, हातचा एक,
तो शेजारच्या घरात मिळवायचा.
नानुली राखून ठेवायची
आणि कुठेच मिळवत नव्हती.
ब्याण्णव टक्क्यांत
तेवढाच धरलेला नव्हता.

मग मार्चमध्ये साहेब स्वतः खाली उतरले.
महिन्याला तीस टॉवेल कमी, चोरी कोण करतं?
मी म्हटलं, चारशे बारा.
तिथली खिडकी खाऱ्या वाऱ्यानं फुगलीय, लागत नाही.
नानुली रोज एक टॉवेल फटीत कोंबते,
संध्याकाळी तो काळा होऊन येतो,
रोज एक फेकावा लागतो.
‘मग सांगितलं का नाही?’
‘अकरा वेळा लिहिलंय तिनं. तक्रारवहीत.’
‘कुठेय वही?’

आता हे कसं सांगायचं!
यंत्राचा स्टँड डुगडुगत होता,
म्हणून कुणीतरी ती त्याच्या पायाखाली सरकवली होती.

त्यांनी वाकून ओढली.
तिन्ही चेहरे एका अंगाला कलले.
साहेब तिथेच पायरीवर बसले, सूट घालून,
आणि वाचत राहिले.
कपबशीच्या डागाखाली गेलेलं अक्षर
दिव्याकडे धरून लावत राहिले.
जाताना झ्वियादनं त्यांच्या बाजूला एक संत्रं ठेवलं.
सोलताना साल पानांत पडत होती.

सोन्याचा दिवस उजाडला असं मी म्हणणार नाही.
चोवीस मिनिटं चोवीसच आहेत. पगार तोच.
सुतार आला गुरुवारी.
साहेबांनी नानुलीला बोलावलं.
‘लागते का बघा.’
तिनं दोनदा उघडली, दोनदा लावली,
ओठ मुडपून म्हणाली, ‘खालून अजून घासा.’
सुतारानं साहेबांकडे पाहिलं.
साहेब म्हणाले, ‘त्या म्हणतायत ना?’

बस. एवढंच झालं.
यंत्र अजून तिरकंच आहे,
हिरवं दाबायला मान वाकडी करावी लागते,
झ्वियाद आता कंटाळून शीळ घालतो.

काल रात्री नानुली माझ्या दारात.
‘दोन कडक उशा दे. येरेवानच्या बाई आल्यात,
चारशे सात. मानेचं दुखणं आहे त्यांना.’
मी पेन उचललं. ‘कशात मांडू?’
‘नको मांडूस,’ म्हणाली, आणि जिना चढायला लागली.

आज हिशोब केला.
टॉवेल बरोबर.
उशा दोन कमी.
मी खाली रेघ ओढली
आणि वही मिटली.