पंचेचाळीस सेकंद

बडोद्याला, मकरपुऱ्याच्या ऑफिसात आता एकच पडदा.
त्यावर सहा ओळी: मकरपुरा, नंदेसरी, डभोई,
हालोल, सावली, अंकलेश्वर.
प्रत्येक ओळीपुढे आवृत्तीचा आकडा आणि एक ठिपका.
सगळे हिरवे असले की मी चहा घेते.

हे सहा सर्व्हर म्हणजे मुकादम.
त्यांच्या हाताखाली लोखंडी पेट्या,
पेट्यांच्या पोटात शेकडो यंत्रं, जी नाहीतच,
आणि तरी पगार काढतात,
गोळ्यांच्या पाकिटांवर बॅचचे नंबर टाकतात.
गंमत अशी की मुकादमही नसलेलाच.
ज्या पेटीवर हुकूम चालवतो
तिच्याच पोटात राहतो.
सासूबाईंना एकदा समजावून सांगितलं हे.
त्या म्हणाल्या, म्हणजे घरजावई.

पूर्वी फणसेकाका सांभाळायचे सगळ्यांना,
शनिवारी रात्री, एकेक करून.
निळ्या पुठ्ठ्याची वही.
कुणाची आवृत्ती कुठवर आली,
कुठलं सर्टिफिकेट कधी संपतंय,
आणि समासात शेवउसळीचा हिशेब.
आता सगळं क्लाउडमधून, असं कंपनीनं ठरवलं
तेव्हा मी चुकून ढगातून म्हणाले
तर ते उठले आणि गच्चीचं दार लावून आले.
मे महिना होता.
विनोद ते असेच करायचे, न हसता.

आज अंकलेश्वरची पाळी.
रात्र जागावी लागत नाही आता.
जुन्या मुकादमाशेजारी नवा उभा राहतो,
कोऱ्या अंगाचा, उसन्या पत्त्याचा,
आणि जुन्याचं काम चालू असतानाच
त्याच्याकडून सगळं पाठ करून घेतो.
मग शेवटची पाचेक मिनिटं.
जुना थांबतो.
नवा त्याचं नाव घेतो, त्याचाच पत्ता घेतो.
खालच्या पेट्यांना कळतही नाही.
जुन्याला लगेच पुसत नाहीत,
नावाला शेपूट जोडून बंद ठेवतात
तीस दिवस.

माझ्या टेबलावरचा फोन: दोनशे चौदा.
खुर्ची मी दोनदा खाली केली, तरी उंचच वाटते.

सावलीचा ठिपका मात्र पिवळा.
ठरल्यापेक्षा वेगळं आढळलं, म्हणतो पडदा.
इतर सगळीकडे दहा, सावलीला पंचेचाळीस.
पेटीची हाक आली नाही
तर ती गेली असं धरायच्या आधी
किती सेकंद वाट बघायची, त्याचा हा आकडा.
शेजारी बटण: सुधारा.
कुणी बदलला ते आहे, तारीख आहे.
का बदलला, त्याला रकाना नव्हता तेव्हा.

फोन लावला. कारेलीबागेत जेवत होते ते.
"पंचेचाळीस? मीच केले असणार.
सावलीला काहीतरी होतं बघ.
लाइन होती की जनरेटर...
थांब हं."
मी थांबले.
वाटी सरकल्याचा आवाज, मागे गुजराती बातम्या.
"नाही गं आठवत. वहीत असेल.
वही आहे ना?"

वही आहे. ते पान काढलं.
त्या तारखेला एवढंच:
शेवउसळ दोन. निंबाळकर आला नाही.

"रेहवा दे," ते म्हणाले,
आणि फोन ठेवायचं विसरले.
मी थोडा वेळ त्यांच्या घरातल्या बातम्या ऐकल्या.

सुधारा दाबलं नाही.
अपवाद म्हणून ठेवा, हे दाबलं
तर चौकट उघडली: कारण लिहा,
किमान वीस अक्षरं.
लिहिलं: विचारलं होतं, त्यांनाही आठवत नाही.
पडद्यानं ते मुकाट्यानं घेतलं.
ठिपका हिरवा व्हायला वेळ लागला,
किती, ते मोजलं नाही.

तेवढ्यात दोनशे चौदा वाजला. अंकलेश्वरहून.
"फणसेसाहेब?"
"बोला," मी म्हणाले.