चारशे सत्तर पावलं

आमच्या पन्हाळीच्या तोंडापासून
रंकाळ्याच्या कट्ट्यापर्यंत
चारशे सत्तर पावलं. मी मोजलीत,
दोनदा. दुसऱ्यांदा चप्पल तुटली
म्हणून आकडा चुकला असेल, असं हे म्हणतात.

पाण्याला पावलं नाहीत.
ते उतारानं जातं,
जाता जाता भेटेल त्याचा हात धरतं:
बुलेट धुतलेला फेस,
मगदुमांच्या दारात सांडलेलं ऑईल,
गुलाबाला घातलेला मूठभर जास्तीचा युरिया
(मूठ माझी),
माव्याची पुडी,
आणि कोपऱ्यावरच्या गटारात शिरताना
मागं वळून बघत नाही.

केंदाळ कुठून आलं, यावर
कट्ट्यावर रोज सभा भरते.
भडंगाचा कागद चुरगळत कुणी म्हणतं, महापालिका.
कुणी म्हणतं, वरच्या अंगाचे नाले.
मीही मान डोलवायचे.
मग श्रावणात एकदा तिथंच, कडेला,
त्या हिरव्या गादीत अडकलेली पांढरी पट्टी दिसली,
आईस्क्रीमच्या डब्याची कापलेली.
वर मार्करनं:
‘लाल, देशी. मार्चात छाटणे.’
अक्षर माझं.
छ ला मी अशीच गाठ मारते, शाळेपासून.

“अंगणातलं काँक्रीट फोडायचं,” मी म्हटलं.
ह्यांचा घास थांबला.
“अकरा हजार घातलेत त्यात. गाडी कुठं लावू?”
“गाडी चाकांवर उभी असते.
चाकांपुरत्या दोन पट्ट्या ठेवू,
मधलं मातीला परत देऊ.”
त्यांनी आमटी वाढून घेतली,
पुढं बोलले नाहीत.

रविवारी उद्यमनगरातून घण आला,
घणाबरोबर ह्यांच्या खात्यातला इस्माईल शिकलगार.
“वैनी, खड्ड्यात फौंड्रीची वाळू टाकू, फुकट हाय.”
“नको. तिच्यातली भट्टी अजून उतरली नाही.”
हसला. दुसऱ्या दिवशी विटांचे तुकडे आणले.
घराच्या पायापासून लांब, कमरेइतका खड्डा,
तळाशी दगड, वर विटकूर, त्यावर जाड वाळू.
पन्हाळीचा पाईप तिकडं वळवला.
भोवती कर्दळ, अळू, थोडा वाळा.
युरियाचं पोतं कुलपात.

भाद्रपदातल्या एका बुधवारी तो कोसळला.
गल्ली तांबडी होऊन पळत होती.
आमच्या फाटकाखालून
एकच बारीक रेघ, तीही थांबत थांबत.
खड्ड्यात पाणी भरलं, थबकलं,
आणि एखादी वयस्क बाई खाली बसावी
तसं गुडघे सांभाळत उतरलं.
हे छत्री धरून बघत उभे,
चहा गार.

मगदूम वरच्या मजल्यावरून म्हणाले,
“एका घरानं रंकाळा निवळतो होय वो?”
“नाही,” मी म्हटलं,
“पण माझी पट्टी आता माझ्याच घरात सापडंल.”
त्यांच्या गच्चीचं पाणी
आमच्या दारावरून खाली गेलं,
फेसासकट.
मी बघत होते. त्यांनीही बघितलं.

सोमवारी विचारत होते,
घण परत केला का.